बार्बाडोसची सहल: बेटाला व्हिसा नको, पण वाटेला हवा

29 जून 2024 ला बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने टी-20 विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर अख्खा संघ हॉटेलात अडकून पडला. 'बेरिल' चक्रीवादळ येत होतं, विमानतळ बंद झाला होता. अखेर खास विमान गेलं, 4 जुलैच्या सकाळी संघ दिल्लीत उतरला आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. आपल्यासाठी असं विमान कुणी पाठवत नाही. म्हणून हा लेख.

बार्बाडोसला जायचं ठरवणाऱ्यांची चूक बेटावर क्वचितच होते, ती वाटेत होते. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, एवढं वाचून लोक हॉटेल पक्कं करतात, मग स्वस्त तिकीट शोधतात, आणि मधल्या विमानतळाचा विचार चेक-इनच्या काउंटरवर उभं राहिल्यावर करतात. हा क्रम पूर्ण उलटा आहे. खालचे टप्पे ज्या ओळीने दिलेत त्याच ओळीने करा. सुरुवात निघण्याच्या पाच-सहा महिने आधी.

## टप्पा 1: आधी महिना ठरवा

कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. बार्बाडोस बेटांच्या मुख्य रांगेपासून पूर्वेला सुटं पडलेलं असल्याने बरीच वादळं त्याला हुकतात. पण 'हुकतात' म्हणजे 'येतच नाहीत' असं नव्हे. 2021 च्या जुलैत 'एल्सा'ने छपरं उडवली. 'बेरिल' तर बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेलं, तरी जाता जाता मच्छीमारांच्या होड्यांचा चुराडा करून गेलं.

मराठी घरांचं गणित इथेच चुकतं. आपण परदेशवारीसाठी दिवाळीची सुट्टी धरतो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे थेट वादळांच्या हंगामात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा छान, पण युरोप-अमेरिकेतली थंडीला कंटाळलेली मंडळी तेव्हाच तिथे असतात, त्यामुळे दर चढलेले. उरतो मे. आपल्या शाळांना सुट्टी, तिकडे ईस्टरची गर्दी ओसरलेली, वादळांचा हंगाम अजून सुरू व्हायचा. शाळकरी मुलं बरोबर असतील तर माझं मत सरळ मेच्या पहिल्या तीन आठवड्यांना.

मे महिन्याची एक खोट आहे. साधारण एप्रिल ते ऑगस्टदरम्यान सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर येऊन साचतं, आणि सडायला लागलं की घाण वास मारतं. दर वर्षी, दर आठवड्याला त्याचं प्रमाण बदलतं. पश्चिम किनारा बहुतेक वेळा वाचतो. हे टप्पा 5 मध्ये कामाला येईल.

## टप्पा 2: वाट ठरवा (इथे घाई करू नका)

भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. मुंबईहून सगळ्यात रुळलेला मार्ग लंडनचा. लंडनहून ब्रिजटाउन सुमारे साडेआठ-नऊ तास. दुसरा मार्ग अमेरिकेचा, न्यूयॉर्क किंवा मायामीवरून. तिसरा कॅनडाचा, टोरांटोवरून. या तिन्ही देशांत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला कागद लागतो, आणि तिघांचे नियम वेगवेगळे आहेत. कॅनडाचे त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघा, बाकी दोघांचे असे.

अमेरिका. इथे 'विमानतळाबाहेर पडणार नाही' हा युक्तिवाद चालतच नाही. आंतरराष्ट्रीय प्रवाशालाही इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणून ट्रान्झिटचा सी-1 किंवा पर्यटकांचा बी-1/बी-2 व्हिसा हवाच. पासपोर्टवर दहा वर्षांचा चालू अमेरिकन व्हिसा असेल तर तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर केवळ या सहलीसाठी त्या रांगेत उभं राहू नका.

ब्रिटन. इथे दोन प्रकार आहेत आणि लोक हमखास चुकीचा निवडतात. इमिग्रेशन न ओलांडता आतल्या आत विमान बदलायचं असेल तर 'डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट' व्हिसा. इमिग्रेशन ओलांडायचं असेल तर 'व्हिजिटर इन ट्रान्झिट' व्हिसा, जो 48 तासांपर्यंतच्या मुक्कामाला चालतो. आपण ओलांडणार की नाही, हे तिकीट ठरवतं. ते असं:

- मुंबई-लंडन-ब्रिजटाउन एकाच बुकिंगवर, सामान थेट ब्रिजटाउनपर्यंत, दोन्ही विमानं हीथ्रोवरूनच: बहुतेक वेळा आतल्या आत जमतं.
- दोन स्वतंत्र तिकिटं: सामान लंडनला उतरवून घ्यावं लागणार, म्हणजे इमिग्रेशन ओलांडणं आलं.
- उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून: ओलांडणं आलंच. बार्बाडोसची विमानं गॅटविकहूनही सुटतात, आणि तिकिटांच्या संकेतस्थळांवर नुसतं 'लंडन' लिहिलेलं दिसतं.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं याच तिसऱ्या प्रकारात सापडलं. हातात एअरसाइड व्हिसा, तिकीट मात्र हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे. मुंबईच्या काउंटरवर त्यांना बोर्डिंग पास मिळाला नाही. तिकिटाचे पैसे गेले, हॉटेलचेही गेले.

माझा सल्ला: लंडनमार्गे जायचं असेल तर सरळ सहा महिन्यांचा ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा काढा. ट्रान्झिटपेक्षा महाग पडतो, पण विमान चुकलं, रद्द झालं किंवा रात्र काढायची वेळ आली तरी तुम्ही मोकळे. जाताना-येताना दोन दिवस लंडन पदरात पडतं ते वेगळंच. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, एप्रिल-मेच्या गर्दीत जास्तही लागू शकतात.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असणाऱ्यांना ब्रिटनच्या एअरसाइड ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते. तरी ही सूट गृहीत धरू नका. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतःचं राष्ट्रीयत्व भरून मिळणारं उत्तर छापून घ्या. काउंटरवर तो कागद वाद मिटवतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. न्यू जर्सीहून बार्बाडोस जवळ पडतं, म्हणून 'लाँग वीकेंडला जाऊन येऊ' हा मोह होतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी आधी पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख बघावी. शिक्का संपलेला असताना चालू आय-94 वर (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन परत येता येतं, ती सवलत कॅरिबियन बेटांसाठी एच-1बीवाल्यांना नाही. ती फक्त एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थी-संशोधकांना आहे, तीही अटींसह. शिक्का संपला असेल तर प्वेर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्सला जा. समुद्र तोच आणि जमीन अमेरिकेचीच.

तपासणी: कागदावर चार रकाने आखा: उतरण्याचा विमानतळ, निघण्याचा विमानतळ, सामान कुठे हातात येणार, मध्ये किती तास. परतीसाठीही हेच चार. एकही रकाना रिकामा असेल तर टप्पा 3 कडे जाऊ नका.

## टप्पा 3: एक बेट की दोन?

'एवढ्या लांब जातोय तर त्रिनिदादही करू' हे वाक्य हमखास निघतं. तिथे भारतीय वंशाचे लोक आहेत, रोटी आणि डबल्ससारखे आपल्या ओळखीच्या चवीचे पदार्थ आहेत, भारतीयांना व्हिसाही लागत नाही. सगळं खरं. पण त्रिनिदाद पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) यादीत आहे, आणि त्या यादीबाबत भारत फार कडक आहे. पीतज्वराच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं वैध प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. शिवाय पीतज्वराच्या बहुतेक देशांतून बार्बाडोसमध्ये शिरतानाही हेच प्रमाणपत्र मागितलं जातं. पनामा आणि ब्राझीलही यादीत आहेत, त्यामुळे पनामा सिटीवरून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तरी आधी हे आठवा.

ही लस गल्लीतल्या डॉक्टरांकडे मिळत नाही. सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते, आधी नंबर लावावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं आणि मग जन्मभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ही लस देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावं.

पहिल्या खेपेला एकच बेट करा. बेटांमधली छोटी विमानं रद्द व्हायला आणि उशिरा सुटायला कारण लागत नाही. लंडनचं विमान गाठायच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर भिस्त ठेवणं म्हणजे शेवटच्या लोकलवर लग्नाचा मुहूर्त ठेवणं.

## टप्पा 4: तिकीट

व्हिसा हातात आल्यावर तिकीट घ्या. व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा दाखवावा लागतो, पण त्यासाठी पैसे भरून पक्कं तिकीट लागत नाही. फार तर परतावा मिळणारं घ्या.

एकाच बुकिंगवर पूर्ण प्रवास घ्या, पाच-सात हजार जास्त गेले तरी. लंडनला मध्ये किमान तीन-चार तास ठेवा. बेटावर किमान सात रात्री हव्यात. बार्बाडोसचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे, पहिले दोन दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते. सात रात्रींपेक्षा कमी मुक्कामासाठी एवढा प्रवास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणी: पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालू आहे ना? तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना? वडिलांचं नाव मधे घालायची आपली सवय इथे त्रास देते.

## टप्पा 5: आधी किनारा, मग हॉटेल

बेट अवघं 430 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. त्यामुळे लोकांना वाटतं, कुठेही राहिलं तरी चालेल. चालत नाही, कारण तिन्ही बाजूंचा समुद्र वेगळा आहे.

पश्चिमेला सेंट जेम्स आणि होलटाउनचा भाग. पाणी तळ्यासारखं शांत, लहान मुलं आणि पोहता न येणारे यांच्यासाठी उत्तम. इथे खिसा मात्र चांगलाच हलका होतो.

दक्षिणेला हेस्टिंग्ज, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स. लाटा मध्यम, बस हाताशी, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात, खाण्याचे पर्याय भरपूर. बहुतेक मराठी कुटुंबांनी इथेच राहावं आणि पोहायला बसने पश्चिमेला जावं. सगळे किनारे सार्वजनिक आहेत. आलिशान हॉटेलासमोरच्या वाळूवरही तुम्ही चटई टाकून बसू शकता.

पूर्वेला बॅथशेबा. फोटोत सगळ्यात सुंदर दिसतो तो हाच. इथे खुला अटलांटिक आदळतो, प्रवाह माणसाला ओढून नेतात. लाटांवर स्वार होणारे पट्टीचे लोक इथे येतात. तुम्ही जा, खडकांवर बसा, चहा प्या, पाण्यात शिरू नका. राहण्यासाठी तर नकोच.

खोलीचा दर वाचताना 'कर आणि सेवाशुल्क धरून का?' हे विचारा. तिथला सर्वसाधारण व्हॅट 17.5 टक्के आहे, आणि हॉटेल-रेस्तराँच्या बिलात वर साधारण दहा टक्के सेवाशुल्क लागतं. ते लावलेलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

## टप्पा 6: पैसे आणि विमा

बार्बाडोस डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे: दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन. ही सोय आहे आणि सापळाही. टॅक्सीवाला नुसतं 'चाळीस डॉलर' म्हणतो. कुठले, ते बसण्याआधी विचारा. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, सुटे मात्र स्थानिक चलनात मिळतात. फॉरेक्स कार्डावर अमेरिकन डॉलर भरा, थोड्या लहान नोटा जवळ ठेवा, बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर चालू करून घ्या. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

सहल कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस हा कर आकारला जातो. तो खर्च धरून बजेट फुगवू नका. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर असतो, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

विमा तिकिटाच्याच दिवशी घ्या. वादळाला एकदा नाव पडलं, बातम्या सुरू झाल्या, की त्यानंतर घेतलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत. पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीमुळे सहल रद्द होणं, मुक्काम वाढणं आणि रुग्णाला विमानाने हलवणं या तीन गोष्टी आहेत का, ते शोधा. फक्त 'आपत्कालीन वैद्यकीय खर्च' बघून सही करू नका.

## टप्पा 7: बॅग

थांबा. लष्करी छापाचे कपडे आधी बॅगेतून काढा. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाने सैनिकी नक्षीचे कपडे घालणं गुन्हा आहे. लहान मुलांनाही सूट नाही, टोपी-सॅकलाही नाही. आपल्याकडे पोरांच्या कार्गो पँटी हमखास त्याच छापाच्या असतात.

वीज 115 व्होल्ट, प्लग अमेरिकन पद्धतीचा, दोन चपट्या पिनांचा. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर नुसत्या ॲडॅप्टरवर चालतील. घरची इस्त्री, विजेची किटली, छोटा राइस कुकर यांपैकी काहीही नीट चालणार नाही, ते घरीच ठेवा.

खाण्याचं: बंद पाकिटातला कोरडा खाऊ, भाजणी, मेतकूट, चटण्या बरोबर घ्या आणि कस्टम्सच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ असल्याचं खरं लिहा. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया नेऊ नका. मे महिना आहे म्हणून कुणासाठी हापूसची पेटी तर अजिबात नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका. डासांचं मलम मात्र हवंच, डेंगी तिथेही आहे.

निघण्याच्या शेवटच्या तीन दिवसांत बार्बाडोस सरकारचा इमिग्रेशन-कस्टम्सचा ऑनलाइन फॉर्म भरा. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते बनावट समजा. परतीचं तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि पैशाचा पुरावा यांच्या कागदी प्रती हातातल्या बॅगेत. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही ठेवा.

## टप्पा 8: बेटावर

ग्रँटली ॲडम्स विमानतळावर पहिल्या दिवशी टॅक्सी घ्या, दर आधी ठरवा. दुसऱ्या दिवसापासून बस. सरकारी बस निळी, खाजगी मिनीबस पिवळी, आणि पांढऱ्या रंगाच्या व्हॅनला 'झेड-आर' म्हणतात. कुठेही उतरा, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. झेड-आरमध्ये गाणी कानठळ्या बसवतात आणि माणसं वडापसारखी कोंबतात, पण एकदा बसाच. गाडी भाड्याने घेतली तर रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. पाहुण्यांसाठीचा वेगळा परवाना लागतो, तो गाडी देणारेच काढून देतात.

थांबा. वाळूच्या कडेला छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं लागलेलं झाड दिसेल. ते मँचिनील. खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण प्रत्येक झाडावर असेलच असं नाही. फळ चाखू नका, चीक अंगाला लागू देऊ नका आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभे राहू नका. पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी ते झाड दाखवून ठेवा.

शाकाहाऱ्यांनी एक प्रश्न पाठ करावा: 'यात मांस किंवा खारवलेलं डुकराचं शेपूट आहे का?' 'राइस अँड पीज' नावावरून निरुपद्रवी वाटतो, पण त्यात ते बरेचदा शिजवलेलं असतं. मॅकरोनी पाय बहुधा चालतो. चण्या-बटाट्याची रोटी मिळते. मक्याचं पीठ आणि भेंडीचं 'कूकू' आपल्या उकडीच्या जवळचं लागतं, पण वर माशाचं कालवण घालून देतात, ते वेगळं मागा. नीरफणस कोकणातल्यांना ओळखीचा. सुरतेकडून गेलेले गुजराती व्यापारी तिथे पिढ्यान्पिढ्या आहेत, त्यामुळे डाळी-मसाल्यांची अगदीच उपासमार होत नाही. मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारची संध्याकाळ ऑइस्टिन्ससाठी राखून ठेवावी.

कार्लाइल बे मध्ये कासवांबरोबर पोहता येतं. लाइफ जॅकेट घाला, कासवाला हात लावू नका.

## टप्पा 9: परतीचा दिवस

बार्बाडोस डॉलर बाहेर कुणी बदलून देत नाही. शेवटच्या दोन दिवसांत ते संपवा. रमची बाटली विमानतळावरच्या दुकानातून घेणार असाल तर ती सीलबंद पिशवीत, पावती आत दिसेल अशी घ्या, आणि लंडनच्या तपासणीआधी उघडू नका. पिशवी फाटली की बाटली तिथेच राहते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. त्रिनिदाद किंवा पनामा केलं असेल तर पीतज्वराचं पिवळं पुस्तक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईत सामान हातात येण्याआधीच ते मागतात.